काळजाची राखण

७ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी नोबेल जाहीर झाले. दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही माझ्या मनात त्या जोडल्या गेल्या, कारण यकृताची सूज समजून घेण्याची एक नवी नजर या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून मिळू शकते.

यकृत म्हणजे आपले काळीज. त्याला सूज येते ती विषाणूने, दारूने किंवा साठलेल्या चरबीने, हे उत्तर जुने आहे आणि खरेही आहे. पण त्यात प्रश्न फक्त आग कोणी लावली, एवढाच. आतड्यातले रक्त आधी यकृतात येते आणि अन्नरसासोबत जिवाणूंचे अंशही आणते. अशी रोजची चिथावणी असून निरोगी यकृत शांत कसे राहते, हा प्रश्न अधिक खोल आहे.

त्याच्या उत्तराचा एक धागा सापडला तो एका इवल्याशा कृमीत. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रवकुन यांना दिसले, की जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए, दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवतो आणि त्याचे प्रथिन बनू देत नाही. ही त्या कृमीचीच खासियत असावी, असे अनेकांना वाटले. २००० मध्ये असाच दुसरा रेणू माणसासह अनेक प्राण्यांत आढळला, तेव्हा जग जागे झाले. पुढे यकृतातला मायक्रोआरएनए-१२२ सापडला. तिथल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा या एकट्याचा.

त्याचे काम कळले ते तो नसताना. २०१२ मध्ये ज्या उंदरांतून हे जनुक काढले होते, त्यांच्या यकृतात चरबी साठली, सूज आली, व्रणासारखे तंतू वाढले आणि पुढे कर्करोगही झाला. दाहक पेशींना बोलावणाऱ्या एका रेणूवरचा लगाम सुटला होता. म्हणजे शांतता आपोआप नसते, ती राखावी लागते.

पण या राखणदाराला साधा नायक ठरवता येत नाही. हिपॅटायटिस सी विषाणूला वाढायला हाच रेणू लागतो, हे २००५ मध्ये दिसले होते. त्याला रोखले तर विषाणू हटतो, पण कायमचे रोखले तर यकृताचे काय, हे उंदरांनी दाखवले आहे. यकृतपेशी दुखावल्या की तो रक्तात उतरतो. त्यावरून इजा ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत.

वाशिमच्या त्या वर्गात हे शिकवले जाईल तेव्हा रेणूंच्या नावांपेक्षा प्रश्न बदलल्याची गोष्ट मुलांपर्यंत पोहोचावी. समोरच्या रुग्णाच्या यकृताला काय झाले, हे विचारणारा डॉक्टर हवाच. आजवर ते कशाने सावरले होते, हेही विचारणारा डॉक्टर आपल्या जिल्ह्याला मिळाला, तर त्या कृमीचे ऋण फिटेल.