शेवंतीची रात्र

शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड रात्र लागते. फुले उशिरा हवी असतील तर शेतकरी मध्यरात्री शेतात दिवे लावतात. थोड्याशा उजेडानेही रोपाची रात्र तुटते, फुलोरा लांबतो. माणसाच्या देहातही झोपेचे संप्रेरक अंधारातच वाढते, उजेडाने दबते.

कुरआनच्या सूरह नबामध्ये अल्लाहने रात्रीला आवरण म्हटले आहे. ते आपण घरोघर फाडत आहोत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशाच्या नमाजनंतरच्या गप्पा नापसंत होत्या. ज्ञानचर्चा आणि पाहुणचार उलेमांनी त्यातून वगळले, मोबाइल नव्हे! फज्रला मूल उठत नाही, ही तक्रार करणाऱ्या मातापित्यांनी आज इशानंतर आधी स्वतःच्या हातातला पडदा विझवावा.