बाहेर बसलेला गडी

अहमदपूरच्या लेकरांना कबड्डीसाठी काही लागत नाही. फुफाट्यात रेघ ओढली की झालं. या खेळाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. चढाईला गेलेल्यानं समोरचा गडी बाद केला, की आपला बाद होऊन बसलेला गडी पुन्हा आत येतो. रग्बीतही सोबत्यावाचून भागत नाही; तिथं चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही. शेजारच्या नाहीतर मागच्या सोबत्याकडंच द्यावा लागतो. हार-जीत हंगामाबरोबर सरते, सोबत्याला धरून चालायची सवय जन्मभर पुरते. म्हणून आज गुडघ्याची माती झटकत लेकरू घरी आलं, की 'जिंकलास का?' याआधी विचारा, 'कुणाला आत आणलंस?'