माळा उतरवला त्याची गोष्ट

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका मराठी घरातला नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही. आजारी नाही, हट्टीही नाही. आई-वडिलांनी विचार करूनच त्याला घरी शिकवायचं ठरवलंय. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची, तोवर आई हीच बाई आणि जेवणाचं टेबल हाच वर्ग. शेजारणींनी सुरुवातीला खोदून खोदून विचारलं, मग विचारायचं सोडलं. त्या न विचारण्याचाच आईला जास्त जाच व्हायचा. आपण कमी तर पडत नाही ना, हा भुंगा डोक्यात सारखा चाले, आणि तो गप्प करायचा तिला एकच उपाय सापडला होता. काहीतरी नवं मागवायचं.

खोकं दारात आलं की दोन दिवस बरे जायचे. गणिताचं सामान घरात आलं म्हणजे निम्मं गणित झालंच, असं वाटायचं. व्यायामाची सायकल घेऊन तिच्यावर टॉवेल वाळत घालणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

मे संपत आला तशी तिनं नव्या वर्षाची यादी केली. मोजायचे मणी, विज्ञानाची पेटी, भूमितीचे आकार जोडायचा संच, नवा लाकडी मनोरा, भिंतीवरचा नकाशा, शिवाय 'पुस्तकं' एवढंच लिहून पुढं मोकळी जागा. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, यादी वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. बोलले काही नाहीत. सुनेच्या यादीवर बोलू नये इतकं शहाणपण त्यांना होतं.

रविवारी मायलेक आबिड्सला गेले. दुकानांची शटरं खाली असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांची रांग लागते, तो बाजार. तिथं तिला प्राण्यांचा एक जाडजूड ज्ञानकोश मिळाला. "लेके जाव अम्मा, नया माल है," म्हणत विक्रेत्यानं सांगितलेली किंमत तिनं निम्म्यावर आणली आणि विजयी मुद्रेनं घरी आली. मुलानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

"आई, हे आहे आपल्याकडं."

"कुठं?"

"माळ्यावर. त्याचं प्लास्टिक पण काढलेलं नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. फ्रिज स्वयंपाकघरात आहे, हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. आईनं वर पाहिलं, मग आप्पांकडं. आप्पा उठले, शिडी आणली आणि म्हणाले, "चढ तू. मी धरतो."

माळ्यावरून जे उतरलं त्यानं हॉलची फरशी दिसेनाशी झाली. शाईचा थेंबही न उरलेले स्केचपेन दोन डबे भरून निघाले. चार-चार पानं भरलेल्या आणि मग सोडून दिलेल्या वह्या. एकदाही न उघडलेली मण्यांची पेटी, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या सारख्याच दोन विज्ञानपेट्या, ए-फॉर-ॲपलचे तक्ते आणि आता त्याच्या करंगळीत अडकतील एवढ्या बारक्या कात्र्या. आईला आधी लाज वाटली, मग राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून तिनं झाडू घेतला.

वाळलेली पेनं गेली. तक्ते आणि बारक्या कात्र्या गल्लीतल्या अंगणवाडीसाठी बाजूला काढल्या. अर्धवट वह्यांची कोरी पानं फाडून आप्पांनी दाभणानं शिवली. दोन जाड वह्या तयार झाल्या. इथवर कुठल्याही घरात होतं तेच झालं. खरी गंमत मनोऱ्याची झाली.

तो माँटेसोरी पद्धतीचा गुलाबी मनोरा. दहा लाकडी ठोकळे, सर्वांत धाकटा एक सेंटिमीटरचा, थोरला दहाचा, मधले एकेका सेंटिमीटरनं वाढत गेलेले. यातले चार आणि सातचे ठोकळे हरवले होते. म्हणून तर यादीत नवा मनोरा होता. आप्पा म्हणाले, "दोनासाठी दहा कशाला? पुठ्ठ्याची खोकी एवढी पडलीत." मुलानं पट्टी घेतली. चार सेंटिमीटरचे चौकोन अधिकाच्या चिन्हासारखे मांडून कापले, दुमडले, तर एक बाजू उघडीच. कारण त्यानं पाचच कापले होते. पुन्हा कापले. सातचा ठोकळा जमेपर्यंत डिंकाची बाटली अर्धी झाली. मग त्यानंच विचारलं, चारच्या ठोकळ्यात एकचे किती मावतील? त्यानं तळाशी सोळा आखले, असे चार थर, म्हणजे चौसष्ट. थोरल्यात हजार, हे कळल्यावर त्यानं तो लाकडी ठोकळा हातात घेऊन बराच वेळ सगळीकडून पाहिला. मनोरा पूर्ण होता तेव्हा तो नुसता रचायचा आणि पाडायचा होता. घनफळ आलं ते दोन ठोकळे हरवल्यावर.

भूमितीच्या संचाचंही तेच झालं. आईनं अरविंद गुप्तांचं पुस्तक कधीतरी वाचलं होतं. टाकाऊतून विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाला 2018 साली पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून आकार करायची त्यांची युक्ती तिला आठवली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं नळी दिली. काड्यांचा चौकोन बोटानं ढकलला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. संध्याकाळी पोरगं बाल्कनीतून मोबाइलच्या टॉवरमधले त्रिकोण मोजत होतं.

नकाशाही निघाला, त्याच्या बाबांच्या शाळेच्या वेळचा. कापडाला चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी. आई म्हणाली, "हा मात्र टाकायचा. यात तेलंगणच नाही." आप्पांनी तो दाराच्या खिळ्याला टांगला आणि नातवाला सांगितलं, "यातल्या चुका शोध."

मोबाइलवर आजचा नकाशा उघडून पोरगं कामाला लागलं. जुन्यात पंचवीस राज्यं. छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड नाहीत. ती 2000 साली झाली. तेलंगण 2014 चं. बेरीज एकोणतीस होते, पण आज तर अठ्ठावीसच! एक गेलं कुठं? अर्ध्या तासानं त्यालाच सापडलं: जम्मू-काश्मीर 2019 मध्ये केंद्रशासित झालं.

मग आप्पांनी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मागितला. औरंगाबादपासून नांदेड, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि पूर्वेला वरंगळच्याही पुढं असा फिरवून त्यांनी तो टाचण्यांनी बसवला. "हे माझं लहानपणचं हैदराबाद राज्य. मी वडिलांबरोबर नांदेडहून इथं आलो तेव्हा एकाच राज्यात इकडून तिकडं आलो होतो. 1 नोव्हेंबर 1956 ला याचे तीन तुकडे झाले. मराठी पाच जिल्हे मुंबई राज्यात, कानडी भाग म्हैसूरला, तेलुगू आंध्रात. मी दहा वर्षांचा, घरीच बसलेलो, आणि गाव परराज्यात गेलं."

"मग आपण परत का नाही गेलो?"

या प्रश्नाला आप्पांना दोन दिवस लागले. सुलतान बाजार आला, 1907 पासूनची विवेकवर्धिनी शाळा आली, 1922 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आलं, वडिलांची नोकरी आली. आईनं इतिहासाच्या वहीत काहीच लिहून घेतलं नाही. तीही ऐकत बसली होती.

यादी पुन्हा लिहिली तेव्हा त्यात डिंक होता आणि एक नवा नकाशा होता. जुना कितीही गोड असला तरी परीक्षेत तेहेतीस जिल्ह्यांचं तेलंगण विचारणार, हे आप्पांनीही मान्य केलं. नवा कोठीच्या बाजारातून आणला आणि जुन्याच्या शेजारी लावला. दुसरी विज्ञानपेटी आणि जादाचा ज्ञानकोश घरीच शिकणाऱ्या एका मुलीकडं गेला. तिच्या आईकडून बदल्यात भिंग आणि तराजू आले.

हॉलची फरशी दिसू लागली. आई पदरानं घाम पुसत पुन्हा शिडीवर चढली आणि माळ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्याकडं बोट करून म्हणाली, "आप्पा, ती काळी ट्रंक तुमची ना? तीन बंद रेडिओ आहेत तीत. आणि छत्र्यांच्या काड्या."

"त्या लागतात," आप्पा म्हणाले.

"मी शिडीवर आहेच. उतरवू?"

आप्पांना एकदम आठवलं की ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं पुस्तक बदलायचं राहिलंय. त्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जाता जाता नातवाला म्हणाले, "तू धर शिडी. तिला हळू उतरव. ट्रंकेला हात लावू देऊ नको."