नजरगहाण

न चालणारी वस्तू झिजते का? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात नव्हे, उसाच्या पट्ट्यातल्या बँकेत पडला. कर्जावर घेतलेली ट्रॉली बँकेकडे 'नजरगहाण' असते. म्हणजे वस्तू कर्जदाराच्या दारात आणि नजर आमची. सोनं गहाण असलं की निदान तिजोरीला कुलूप तरी लावता येतं. इथे नुसते डोळे वटारायचे. ते वटारायला मे महिन्यात साहेबांबरोबर मी हिंडतो.

गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. मग ट्रॉली उकिरड्याशेजारी उभी. आधी वैशाखाचं ऊन, मग मृगाचा पाऊस. मालकाला म्हणावं, "अहो, टायर भेगाळतील," तर तो म्हणतो, "सायेब, चालतच न्हाई ते झिजंल कसं?"

बिनतोड! आयकर कायदाही थोडा त्याच्याच बाजूचा. धंद्यात आणलेली नवी वस्तू पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच. पण रबराने आयकर कायदा वाचलेला नसतो. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला बारीक भेगा पाडतात. त्यावर उतारा म्हणून टायर करतानाच रबरात मेणासारखं द्रव्य कालवतात. टायर फिरला, दबला, वाकला की ते नीट वर येतं आणि पातळ थर धरतं. उभ्या टायरात आतच रेंगाळतं. शिवाय महिनोन्महिने एकाच जागी भार पेलून तळ चपटा होतो तो वेगळाच. (वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसलेल्यांची नावं मी इथे देत नाही.)

उपाय फार खर्चाचे नाहीत. रिकाम्या ट्रॉलीच्या आसाखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढावा. ते न जमलं तर हवा पुरी ठेवावी, चाकांखाली फळ्या सरकवाव्यात, वरून बारदान टाकावं आणि अधूनमधून ट्रॉली चार हात ओढावी. चकाकीसाठी तेल मात्र फासू नये, रबर त्यानेच बिघडतं.

हाच मालक बैलाला उन्हात बांधून 'चालतच न्हाई ते झिजंल कसं' असं कधी म्हणणार नाही. बेंदराला बैलाची शिंगं रंगतात, पुरणपोळी मिळते. ट्रॉलीला दसऱ्याला झेंडूची एक माळ, तीही भेगांवरून. बैल आपल्याकडे बघतो, म्हणून त्याचं ऋण आठवतं. टायर बघत नाही. इथवर मी मालकाच्याच बाजूचा होतो. रबराच्या तुकड्याशी कसली आलीय कृतज्ञता?

पण भेग पडते टायरला आणि फुटते दुसऱ्याच्या अंगावर. डिसेंबरात, रात्री दोन वाजता, शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ड्रायव्हर बहुधा मालक नसतो. मागून मोटारसायकलवर येणारा तर कुणाचाच कोणी नसतो. कर्ज मालकाचं, विमा ट्रॉलीचा. मेमधल्या उन्हाचा हप्ता मात्र हे दोघे भरणार. आणि त्यांची सही आमच्या एकाही कागदावर नाही.

मग आमच्या नजरेचं काय? पाहणी अहवालात चासी नंबराचा रकाना आहे, विम्याच्या तारखेचा आहे, भेगांचा नाही. "ज्याला रकाना नाही ते पाहायचं नाही," असं साहेब म्हणतात. हे हुकमाला धरून आहे. नीतीला धरून आहे असं मला वाटत नाही. नजर गहाण घेतली तर ती सबंधच घ्यायला हवी. सोयीपुरता डोळा मारायला बँक कशाला पाहिजे?

बहुतेक टायरांच्या कडेला चार आकडे उमटवलेले असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. हल्ली मी ते आकडे आणि पुढे 'भेगा आहेत' असं 'शेरा' या रकान्यात लिहून टाकतो. मुख्य कार्यालयाकडून एकदा विचारणा आली: सदर खातेदार भेगा यांचा पूर्ण खाते क्रमांक कळवावा.