शब्बाथ संपताच



शब्बाथ संपताना आपल्या सिनेगॉगच्या अंगणात पाहावे. तीन तारे दिसले, हब्दाला झाली, की काही हात लगेच खिशाकडे जातात. मीही त्यांतलाच होतो, म्हणून सांगतो. निर्गम ३५:३ मध्ये शब्बाथी विस्तव पेटवण्यास मनाई आहे. ती आम्ही पंचवीस तास बिनतक्रार पाळतो. मग रविवारी "सुटत नाही" म्हणायचे कोणत्या तोंडाने?

आपले रिब्बीही आधी सौम्यच होते. १९६० च्या दशकात रिब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी सिगारेट टाळणे बरे म्हटले, पण निषिद्ध ठरवली नाही. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने तिचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध जाहीर केला. तेल अवीवचे मुख्य रिब्बी हाइम डेव्हिड हालेवी यांनी १९७६ मध्ये ती तोराप्रमाणे निषिद्धच ठरवली. जिवाला जपण्याची आज्ञा अनुवाद ४:१५ मध्ये आहेच. सार्वजनिक जागी धूम्रपानाला आळा घालणारा इस्रायलचा कायदा १९८३ चा.

पण आपल्या पायरीवर पोलीस उभा नसतो. तिथे नातवंडे आजोबांचे बोट धरून उभी असतात आणि धूर त्यांच्या तोंडावर जातो. येत्या शब्बाथी हब्दालानंतर एक तास थांबा. पुढच्या आठवड्यात दोन.