दार कापू नका

माझ्याकडे १९९१ सालची माझदा मियाटा आहे. दोनच माणसं बसतील अशी, छत मागे टाकता येणारी, बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखे दिवे वर काढणारी. इंजिन १.६ लिटरचं, ११६ अश्वशक्तीचं. आजची साधी घरगुती गाडीसुद्धा हिच्याहून जोरकस असते, पण हिचं वजन टनाच्या आत असल्यामुळे पन्नासच्या वेगातही आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटत राहतं. इथे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ म्हणजे पत्र्याचा काळ, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजमध्ये चादर पांघरून असते.

तिच्या दारांमधले स्पीकर बदलायचे होते. काम एवढंच. प्रत्यक्ष काम दीड दिवसाचं, पण ते करायला मला दोन वर्षं लागली. ती का लागली ते सांगतो.

मूळच्या स्पीकरची तीस वर्षांनी जी दशा होते तीच झाली होती. कागदाचा शंकू तसा टिकतो, पण त्याच्या कडेचं फोमचं वर्तुळ वाळतं आणि बोट लावलं की भुगा होऊन पडतं. शंकूला धरून ठेवणारं काही उरलं नाही की तो वाकडातिकडा हलतो, मागची तारेची गुंडाळी चुंबकाच्या फटीत घासते, आणि भीमसेन जोशी खर्जात उतरले की डावं दार पतंगासारखं फरफरतं. मी जे नवे स्पीकर निवडले होते ते उत्तम होते. एका मित्राच्या गाडीत ऐकूनच निवडले होते. पण त्यांचं चुंबक जाड आणि घेर मोठा. दाराच्या पोकळीत काच खाली उतरते ती स्पीकरच्या पाठीला जवळजवळ घासूनच. तेव्हा दाराच्या पत्र्यातलं भोक मोठं करून काचेपासून जरा पुढे सरकवायचं, आणि वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरसाठी पॅनेलला आणखी एक भोक पाडायचं. पत्रा कापायची कात्री आणि अर्धा तास. लोक सर्रास करतात.

अडचण अशी की ज्यांच्याकडून मी ती गाडी घेतली त्यांनी मला सांगितलं होतं, दारं कापू नका.

ते गृहस्थ वुडवर्ड अव्हेन्यूच्या जवळच राहायचे, जिथे दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची ती प्रचंड मिरवणूक निघते. आयुष्यभर एका मोटार कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय बनवलेला माणूस. त्या काळी डेट्रॉइटमध्ये कारखान्यातल्या माणसाने जपानी गाडी घेणं म्हणजे भावकीविरुद्ध साक्ष देण्यासारखं होतं. यांनी घेतली, आणि बरीच वर्षं फक्त रविवारी सकाळी बाहेर काढली. २०१८ साली गुडघ्यांनी जबाब दिल्यावर विकायला काढली. मियाटात बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसावं लागतं. भाव ठरला, कागदावर सह्या झाल्या, किल्ली माझ्या हातात आली, आणि मग ते दारावर हात ठेवून म्हणाले, "आता तुमची गाडी. हवं ते करा. दारं तेवढी कापू नका."

मी मान हलवली.

कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण निरोपाच्या वेळी माणूस घाईत असतो. २०२१च्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या शेजाऱ्याने जाता जाता सांगितलं.

त्यानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात मी स्पीकर मागवले. खोकं गॅरेजमध्ये आलं, कात्रीही आली, आणि मी स्वतःशी वकिली सुरू केली. पहिला मुद्दा, मी हो म्हणालोच नव्हतो. फक्त मान हलवली होती, आणि आपल्या लोकांच्या मान हलवण्याचा अर्थ इथल्या लोकांना कधी कळलाय? ती 'हो' असू शकते, 'ऐकलं' असू शकते, 'बघू' असू शकते. बायको म्हणाली, "त्यांना काय कळलं ते तुला तेव्हाच कळलं होतं." हा मुद्दा तिथेच संपला. दुसरा मुद्दा कायद्याचा. विनंती व्यवहार पुरा झाल्यावर केलेली, तिच्यासाठी त्यांनी एक डॉलरही कमी केलेला नाही. मोबदला नाही तर करार नाही, आपला १८७२चा करार कायदाही जवळपास हेच सांगतो. पण शब्द आणि करार एकच असते तर भाषेत दोन शब्द कशाला राहिले असते?

तिसरा मुद्दा मुलाने मांडला, आणि तो सोपा नव्हता. "बाबा, तू कोणाला दिलेला शब्द पाळतोयस? ते नाहीत. त्यांना कळणार नाही, वाईट वाटणार नाही. ज्याचं नुकसान होतंय असा माणूस दाखव मला." कॉलेजात जाणारी मुलं असं बोलतात आणि बरं करतात. एपिक्युरसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी साधारण हेच सांगितलंय की आपण असतो तोवर मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग मेलेल्याला दुखणार कुठे? मला उत्तर सुचलं नाही. मी कात्री हातात घेतली. आणि मला मिरजेचा चाफा आठवला.

आमचं मिरजेचं घर अण्णांनी २००९ साली विकलं. आई गेल्यावर ते पुण्याला बहिणीकडे राहायला आले आणि बंद घराला वाळवी लागायला लागली, म्हणून. मागच्या अंगणात सोनचाफा होता, आईने लावलेला. व्यवहार झाल्यावर अण्णा घेणाऱ्याला म्हणाले, "घर पाडा, बांधा, तुमचं आहे. चाफा तेवढा राहू द्या." त्या भल्या माणसाने मान हलवली. मी तिथेच उभा होतो. २०१३ साली सुट्टीत गेलो तेव्हा एकटाच जाऊन पाहून आलो. मागचं सगळं अंगण फरशीचं झालं होतं, चार दुचाक्या उभ्या होत्या, आणि चाफा होता तिथे पाण्याची मोटर बसवली होती.

मी अण्णांना सांगितलं नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर मौन म्हणता आलं असतं. पण दर चैत्रात फोनवर ते विचारायचे, "मिरजेला कोणी गेलं होतं का रे? चाफा आहे ना?" आणि मी डेट्रॉइटहून सांगायचो, "आहे." एकदा तर "या वर्षी भरपूर फुललाय म्हणे" असंही म्हणालो. परदेशात राहणाऱ्याला हे खोटं फार सोपं जातं. आपल्याकडून कोणी पुरावा मागत नाही. २०१७ साली अण्णा गेले, चाफा आहे असं समजून गेले.

आता मुलाचा युक्तिवाद इथे लावून पाहा. ज्याला कळत नाही त्याचं नुकसान नाही. मग चाफा तोडला तेव्हा अण्णांचं काय गेलं? त्यांना कधी कळलंच नाही. उलट मी त्यांना दरवर्षी फुलांनी लगडलेलं झाड दिलं. म्हणजे त्या माणसाने काही वाईट केलं नाही आणि मीही नाही. हिशेब बरोबर जमतो, आणि तो मला एक क्षणही पटत नाही. त्या फरशीवर उभं राहून मला जो संताप आला होता तो स्वतःसाठी नव्हता. मला त्या चाफ्याचं विशेष काही नव्हतंच, लहानपणी त्याच्या मुंगळ्यांचाच त्रास जास्त. संताप अण्णांच्या वतीने होता. त्यांच्याकडून काहीतरी घेतलं गेलं होतं आणि ते पुण्यात खुर्चीत बसून चहा पीत होते, त्यांना पत्ता नव्हता. पत्ता नसल्यामुळे ते घेतलं गेलं नाही असं होत नाही. चोरी उशिरा उघडकीला आली तरी ती झालेली असते तेव्हाच.

आणि न कळणं पुण्यात शक्य असेल, तर त्या बाबतीत पुणं आणि स्मशान यांत किती फरक? अण्णा जिवंत असून त्यांना कळलं नाही, टूलरूमवाले गृहस्थ नाहीत म्हणून त्यांना कळणार नाही. एका बाबतीत शब्दाला किंमत आहे आणि दुसऱ्या बाबतीत नाही, असं मला म्हणायचं असेल तर मधली रेघ कुठे मारू?

अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात हा प्रश्न घेतलाय, की मागे राहिलेल्यांचं बरंवाईट मेलेल्या माणसापर्यंत पोचतं का. त्याचं उत्तर थोडं चाचरत येतं. पोचत असावं, पण फार थोडं. मला त्याचं चाचरणं आवडतं. पण या बाबतीत आपली माणसं त्याच्याहून धीट आहेत असं मला अण्णांच्या दहाव्याला वाटलं. मिरजेला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. काका पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "दादा, तुझ्या पुस्तकांची व्यवस्था करू." कावळा नाही. बहीण म्हणाली, "अण्णा, मी माझ्या तब्येतीकडे बघेन." कावळा नाही. मी यातलं काही मानत नाही. पण तिथे उभ्या असलेल्या पंचवीस माणसांपैकी एकालाही मेलेल्या माणसाला शब्द देणं विचित्र वाटत नव्हतं, हे मी पाहिलं. माझ्या ओठावर चाफा आला होता. बोललो नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.

एक खुलासा करतो, नाहीतर मी जुन्या वस्तूंची पूजा करणारा माणूस वाटेन. कापणं म्हणजे पाप, असं मला अजिबात वाटत नाही. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत मी शाळेतून येताना रोज थांबायचो. तंबोऱ्याची जवारी बिघडली की कारागीर घोडी कानशीने घासतो. प्रत्येक वेळी तिचा थोडा अंश कायमचा जातो, परत येत नाही. पण घासलं नाही तर तार मुकी होते. गाणाऱ्याला समोर बसवून, तार छेडून, विचारत विचारत तो घासतो. जपायचं म्हणून न घासलेला तंबोरा भिंतीवर टांगायच्या लायकीचा होतो. तेव्हा त्या गृहस्थांनी काही सांगितलं नसतं तर मी दार बेलाशक कापलं असतं, आणि त्यात काही चुकलं असतं असं मला वाटलं नसतं.

मूळ स्पीकर तर गेलेच होते. मी ठरवलं की जुन्याच भोकात बसतील तेवढेच नवे लावायचे. निवडलेला संच परत पाठवला, परतीचा दंड भरला, आणि त्याच मापाचे, साडेसहा इंची, उथळ चुंबकाचे साधे स्पीकर आणले.

पॅनेल काढताना उत्सुकता होती, खोटं कशाला बोला. दारात असं काय आहे? जुनी डागडुजी, वेल्डिंगची पट्टी, निदान पेन्सिलीने लिहिलेली एखादी तारीख? कारागीर माणूस, काहीतरी कारण असणार. टॉर्च घेऊन दोन्ही दारं पाहिली. काही नव्हतं. कारखान्यातून आलेला पत्रा, तळाशी पाणी निघून जायची भोकं, काच वरखाली करणारी यंत्रणा, थोडी धूळ. त्यांना दारं कापलेली नको होती, बस. अण्णांनाही मी कुठे विचारलं होतं की चाफाच का, पेरू का नाही?

आतला प्लॅस्टिकचा पडदा मात्र जागोजागी फाटला होता. हा पडदा दाराच्या पत्र्याला काळ्या चिकट पट्टीने लावलेला असतो. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते गाडीत येऊ नये म्हणून. पण त्याचा दुसरा उपयोग आवाजाला होतो. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या उलट्या असतात. मागची लहर पत्र्यातल्या भोकांमधून वळसा घालून पुढे आली की दोघी मिळून एकमेकींना खाऊन टाकतात, आणि पहिला बळी जातो खालच्या स्वरांचा. मी नवा जाड पडदा कापला, नवी चिकट पट्टी लावली, कडेकडेने अंगठ्याने दाबत गेलो. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी बसवली. दीड दिवस गेला तो यातच. स्पीकर बसवायला अर्धा तास.

खर्ज आला. पूर्वीच्या मानाने पुष्कळच आला. पण उगाच गोड शेवट करायचा नाही. छत उघडं टाकून हायवेला लागलं की वारा खालचे सगळे स्वर गिळतो, आणि तिथे ते मोठे स्पीकर नक्कीच पुरे पडले असते. मित्राच्या गाडीत बसलो की दर वेळी मला माझे नाही म्हटलेले स्पीकर ऐकू येतात आणि जरा चुटपुट लागते. अण्णांशी बोललेलं खोटं या सगळ्याने कुठे फिटलेलं नाही. ते वेगळ्या खात्यावर आहे, आणि ते कोणापुढे फेडायचं तेही मला कळत नाही.

जुने स्पीकर मी टाकले नाहीत. एका खोक्यात घालून वर 'डावा' आणि 'उजवा' लिहून फळीवर ठेवलेत. परवा मुलगा आला होता, गाडी घेऊन वुडवर्डवर चक्कर मारून आला. "आवाज बरा आहे," म्हणाला, "पण गाडी माझ्याकडे आली ना, की मी ही दारं कापणार."

मी मान हलवली.