दुसरी साडी

सावित्रीबाई फुल्यांची एक आठवण आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्या शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत एक जास्तीची साडी ठेवत. ३ जानेवारीला ही गोष्ट शाळाशाळांत सांगितली जाते आणि सांगणारे त्यांच्या धैर्याला नमस्कार करून थांबतात. नमस्काराबद्दल माझी तक्रार नाही. पण ती साडी म्हणजे एका शिक्षिकेनं टिकून राहण्यासाठी स्वतःला लावून घेतलेली सवय होती. तिचं कौतुक करता करता शेण फेकणारे हात गोष्टीतून अलगद निसटतात, हे मला हल्ली खटकतं.

हल्ली म्हणजे मावशीमुळे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मध्यंतरी तिला शिक्षकांच्या मानसिक स्वास्थ्यावर एक ऑनलाइन सत्र होतं. दीर्घ श्वास घ्या, भरपूर पाणी प्या, मनातलं वहीत लिहा, कामाची वेळ संपली की फोन बाजूला ठेवा. सत्र संध्याकाळी सातला होतं. ओट्यावरच्या डब्याला फोन टेकवून, पोळ्या लाटता लाटता तिनं ते ऐकलं आणि शेवटी हजेरीची लिंक भरली.

सल्ले वाईट नव्हते. घसा बसतो म्हणून मावशी पर्समध्ये ज्येष्ठमधाची काडी ठेवते, घरी आल्यावर वीस मिनिटं कोणाशी बोलत नाही. असल्या सवयींवरच तिची बावीस वर्षं निभावली आहेत. त्यांची टिंगल मी करणार नाही. अडचण वेगळीच आहे.

तिची शाळा चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर गणित बरोबर आहे. पण वर्ग चार, म्हणजे एरवीही एकेकाकडे दोन. एक जण केंद्रावर बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे चारही, शिवाय खिचडीच्या नोंदी आहेतच. त्याच कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवतं. निवडणुकीच्या दारानं मतदार याद्या आत येतात. आता मावशीला ताप आला तर? रजा तिच्या हक्काची आहे. पण ती घेतली की तिचा अख्खा भार सोबतच्या सरांवर पडतो, आणि त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. मावशी तापाची गोळी घेऊन शाळेत जाते.

म्हणजे स्वतःची काळजी घेणं हा इथं तिचा एकटीचा निर्णय राहतच नाही. तिच्या विश्रांतीची किंमत शेजारच्या दमलेल्या माणसानं मोजायची असते. अशा जागी ‘स्वतःकडे लक्ष द्या’ हा सल्ला निरागस नसतो. ज्याला सहकाऱ्याची चाड आहे त्याला तो पाळता येत नाही, आणि जो पाळतो तो कामचुकार ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून: कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी. मजा म्हणजे वाक्य कर्मणी आहे. कोणी हाताळायचा होता, ते त्यात नाही. तो कर्ता आपण परस्पर भरून टाकला आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे महत्त्वाचं काम एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत, दोन ठेवतात. पण दोन्ही सत्तर-सत्तर टक्के भरलेले असतील तर ते दोन नसतातच. एक पडला की त्याचा भार घेऊन दुसराही पडतो. म्हणून निम्मी जागा मुद्दाम रिकामी ठेवायची आणि तिचे पैसे भरायचे. त्या रिकाम्या जागेला कोणी आळस म्हणत नाही. रात्री बिघाड झाला तर फोन कोणाचा वाजणार, याचंही वेळापत्रक असतं, त्यामुळे बाकीचे अपराधी न वाटता झोपतात. माणसं यंत्रं नाहीत हे मला कळतं. तरी यंत्राला जी सवड आपण हिशोबात धरतो, ती शिक्षकाला त्यागाच्या खात्यातून काढायला लावतो, हे काही पटत नाही.

मावशीला विचारलं, तुला नक्की काय हवंय? तिला विचार करावा लागला नाही. “केंद्रात एक फिरता शिक्षक द्या. ज्या शाळेत कोणी आजारी पडेल तिथं त्यानं जायचं. बाकी श्वास माझा मी घेईन.”

मी म्हटलं, एका पगाराचा तर प्रश्न आहे, होण्यासारखं आहे.

“अरे, कोणी आजारी नसेल त्या दिवशी तो रिकामा दिसेल ना,” ती म्हणाली. “महिन्याभरात त्याला अतिरिक्त ठरवतील. नाहीतर मतदार याद्या देतील.”